मिठाच्या वाटेचा पट

मी पट बोलतोय. बुद्धिबळाचा नाही आणि सापशिडीचाही नाही. दुकानात जाऊन मागितलात तर मी मिळायचो नाही. मला एका मुलीने स्वतःच्या हाताने घडवलं.

माझा जन्म पांढरकवड्याच्या एका साडीच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात झाला. खोक्यांचे पुठ्ठे मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवले आणि घडी घालता यावी म्हणून चारही तुकडे साडीच्या फॉलने जोडले, तेव्हा मी पट झालो. अजूनही माझ्या एका कोपऱ्याला सोनेरी कागद दिसतो. तो कुठल्याशा शालूच्या खोक्याचा.

मला घडवणारी वर्षा. आठवडाभर ती त्या दुकानात साड्या उलगडायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. रविवारी एसटीने यवतमाळला जायची, मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या वर्गाला. आणि या सगळ्याच्या मधे जिथे फट सापडेल तिथे वाचायची. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक उघडायचं. पुस्तक नसेल तर शब्दकोश, तोही गोष्टीसारखा, पहिल्या पानापासून. तांड्यावरच्या तिच्या घरात एक फळी होती. तिच्यावर कोणतं पुस्तक कोणाशेजारी ठेवायचं हे ती त्यांच्या स्वभावावरून ठरवायची. "हे दोघं जवळ ठेवले तर रातभर भांडतीन," असं ती खरंच म्हणायची. दुकानाचे मालक घनश्यामभाऊ डोक्याला हात लावायचे, पण रिकामी खोकी तिलाच द्यायचे.

एकदा इतिहासाच्या पुस्तकात तिला दोन ओळी सापडल्या. लमाण लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर नेत असत. तिसऱ्या ओळीत लगेच आगगाडी आली होती. वर्षाने पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं. आणखी काही नव्हतं. ते तिचेच पूर्वज होते.

घरी ती आणि आजी जमनी, दोघीच. तिने जाऊन आजीला विचारलं, "दादी, आपले लोक मीठ आनाले कोन्या रस्त्यानं जात?"

जमनी म्हणाली, "मले का माहीत, छोरी? माह्या सासूनंच नाही पाह्यला तो रस्ता. मी लगन होऊन आली तवा बैल वखराले लागले होते."

"काहीच नाही आयकलं?"

जमनीने आपली पेटी पुढे ओढली. मग म्हणाली, "एवढंच आयकलं, का वाटेत कोनी बिमार पडलं तर सारा तांडा थांबे." आणि तिने पेटीतून एक विटलेलं कापड काढलं, त्यावर शिवलेल्या कवड्या उसवल्या आणि नातीच्या ओंजळीत टाकल्या. "घे. ह्या तरी गेल्या असतीन तिकडं."

तो हरवलेला रस्ता म्हणजे मी. वर्षाने नकाशे धुंडाळले, नद्या उतरवल्या आणि जिथे काहीच कळेना तिथे मनाने घरं आखली. समुद्राकाठचं मिठागर हे पहिलं घर. मग घाट, विहिरी, वाघाचं जंगल, पैनगंगा ओलांडायचा उतार. फाशांच्या जागी कवड्या आणि बैलांच्या जागी चिंचोके. प्रत्येक घरात तिने बारीक अक्षरात लिहिलं, तिथे काय होतं आणि काय करायचं. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता.

वर्षासोबत माझ्यावर पहिल्यांदा खेळली ती सुरभी. घाटंजीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, यवतमाळच्या त्याच वर्गांना येणारी, पण वर्षाच्या दोन वर्षं पुढची, हिशोबात तल्लख आणि तोंडाने फटकळ. वर्ग सुटला की कॉलेजच्या व्हरांड्यात दोघी मला पसरायच्या. पहिल्याच दिवशी भांडण झालं.

"जिंकते कोन याच्यात?" सुरभीने विचारलं.

"सगळे पोचले तर सगळे जिंकले. एक मागं राह्यला तर कोनीच नाही."

"हा कोनता खेळ झाला व? मंग तर मी झोपून राह्यली तरी तू थांबशीन!"

"थांबीन," वर्षा म्हणाली.

सुरभी रागावून तिच्या गाडीला निघून गेली. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. पण पुढच्या रविवारी ती आल्या आल्या म्हणाली, "मी इचार केला. थांबाचं असन तर थांबाची किंमत पाह्यजे. जेवढं थांबलं तेवढं धान्य कमी. मंग पाहू कोन कोनासाठी थांबते ते."

त्या एका नियमाने माझ्यात जीव आला. आता प्रत्येक डावात घोर असायचा. एकदा सुरभीचा बैल पैनगंगेच्या उतारावर अडला. तिला सुटकेचं दान पडेना. वर्षा पलीकडे पोचली होती, तिच्या गोणीतलं धान्य डाव फिरेल तसं संपत होतं. "तू जा नं व समोर!" सुरभी ओरडली. वर्षा हलली नाही. दोघी हरल्या. आणि हरल्यावर इतक्या हसल्या की शिपाई झाडू टाकून पाहायला आला. माणसं एकटी जिंकतात तेव्हा अशी हसत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं.

मग सुरभी बी.ए. झाली आणि बँकेची परीक्षाही पास झाली. नेमणूक निघाली कोकणात, खाडीकाठच्या एका गावी. बातमी सांगताना तिने माझ्या पहिल्या घरावर बोट ठेवलं. "पाह्य, कुठं चालली मी! तू बी चाल माह्यासंग. खोली घेऊ. तिथं बी तुये वर्ग होतीन, काम बी भेटन."

त्या दिवशी एसटीत वर्षाने पुस्तक उघडलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. पुढचे दिवस नुसते फळीपुढे उभं राहण्यात गेले: कोणती पुस्तकं न्यायची, कोणती ठेवायची. घनश्यामभाऊंनी निरोपाची साडीसुद्धा बाजूला काढून ठेवली.

जमनीची नजर तोवर फार अधू झाली होती. नातीने आपल्यापायी थांबू नये म्हणून तिने ठरवलं, आपलं आपण करून दाखवायचं. हंडा घेऊन एकटीच नळावर गेली आणि ओट्यावरून घसरून पडली. मनगट मोडलं. हात गळ्यात बांधलेला, तरी ती म्हणत होती, "तू जाय, छोरी. माह्यं का हाय!"

सुरभी निघाली त्या दिवशी वर्षा यवतमाळच्या स्टँडवर आली. हातात फक्त मी होतो, साडीच्या दुकानाच्या पिशवीत.

"तुयी बॅग कुठं हाय?" सुरभीने विचारलं.

"दादीचा हात मोडला."

"मंग मी थांबतो हप्ताभर."

"नोकरी थांबते का? बस, गाडी निघून राह्यली." सुरभी सीटवर टेकली तसं वर्षाने मला खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवलं. "हा घेऊन जाय. कवड्या मी ठेवल्या, त्या दादीच्या हायत."

"आन तू कायच्यावर खेळशीन?"

"तू नाही तं कोनासंग खेळू?"

गाडी हलली. वर्षा वेळापत्रकाच्या फलकाकडे तोंड करून उभी राहिली. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. ते सगळं तिला पाठ होतं.

अशा रीतीने मी समुद्राजवळ आलो. ज्या पाण्याचं नुसतं नाव माझ्यावर लिहिलं होतं, त्याचा आवाज आता खिडकीतून ऐकू येतो. सुरुवातीला दोघी फोनवर खेळायच्या. वर्षा तिकडे कवड्या टाकायची, दान सांगायची. सुरभी इकडे दोघींचे चिंचोके हलवायची. मधेच आवाज तुटायचा. "किती पडले? वर्षा? किती?" असं सुरभी ओरडत राहायची. कधी बँकेत उशीर व्हायचा, कधी तांड्यावर वीज नसायची. एक डाव घाटातच अडकला. तो पुरा व्हायच्या आधीच मी कपाटावर गेलो.

इथली हवा मला सोसत नाही. माझ्या कडा फुगल्या आहेत, खळीचे थर सुटत आहेत, फॉलवर काळे ठिपके आले आहेत. यवतमाळच्या कोरड्या उन्हात मी कसा ताठ असायचो! पावसाळ्यात वाटतं, कोणीतरी मला त्या व्हरांड्यात नेऊन एकदा उन्हाला ठेवावं.

परवा रविवारी वर्षाचा फोन आला. सुरभीने तो स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. जमनीला आता अजिबात दिसत नाही. वर्षा दुकानातून आली की कादंबरी उघडते आणि एकेक वाक्य गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या लमाणी भाषेत करून तिला सांगते. बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे.

"आन आयक," वर्षा म्हणाली, "मी नवीन पट करून राह्यली. कापडाचा. घरं सुईदोऱ्यानं भरतो, जाडजाड टाके घालून. दादी बोटानं चाचपते आन बरोबर सांगते, आता विहीर आली, आता घाट आला. काल तिनं माह्यासाठी थांबून सारं धान्य संपवलं!"

सुरभी हसली. डोळे पुसत हसली.

"तो जुना फेकून दे आता," वर्षा सहज म्हणाली. "तिथल्या हवेनं सडला असन."

मी कपाटावर श्वास रोखून राहिलो.

"नाही फेकत," सुरभी म्हणाली.

"काहून?"

"तुयं अक्षर हाय त्याच्यावर."

या वेळी आवाज तुटला नव्हता. तिकडे कोणाची तरी कोंबडी ओरडत होती, ती मला स्पष्ट ऐकू येत होती. दोघी तशाच फोन धरून बसल्या.

वर्षा, मी आता फार दिवसांचा नाही. तुझ्या नव्या पटाचा मला हेवा वाटत नाही. खरं सांगू, थोडासा वाटतो. त्याला तुझ्या आजीची बोटं लागतात, मला कोणी हात लावत नाही. पण तो तिथेच राहू दे, तिला तो हवा आहे. माझं मागणं एवढंच, की तुझी शेवटची परीक्षा झाली की एकदा इकडे ये. फार राहू नकोस. सुरभीसमोर खाली जमिनीवर बस, मला उलगड, आणि तो घाटात अडकलेला डाव पुरा करून जा.