पहिलं पाणी

सोमवारी पहाटे साडेपाचला श्रीदेवीनं वसतिगृहात लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरचा आकडा तीनदा वाचला.

तिच्या गावच्या ओढ्याकाठी एक वेल उगवते. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या चार जण विळे घेऊन निघतील. गावातली म्हातारी रुद्रम्मा त्या वेलीची मुळी शुगरवर देते. मुळी उकळायची, पहिली दोन पाणी ओतून द्यायची, तिसरं प्यायचं. तेही सोमवारी, दिवस उगवायच्या आत, आणि औषध पोटात जाईपर्यंत घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही.

श्रीदेवी उमरग्याला औषधशास्त्र शिकत होती. रोगाचं कुलूप संगणकावर मांडायचं आणि मुळीतल्या रेणूंच्या किल्ल्या त्यात एकेक करून बसवून बघायच्या, असं तिचं संशोधन होतं. महिन्यापूर्वी एक किल्ली चपखल बसली. ती उतरायची नेमकी पहिल्या पाण्यात. मग काय, पोरगी हवेतच! घरी फोन करून म्हणाली, रुद्रम्मा खरा गुण मोरीत ओततेय.

तिच्या अप्पांना, बसवराज बिराजदारांना, लेकीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांना स्वतःला शुगर. त्यांनी मुळी आणली आणि पहिलंच पाणी प्यायचं ठरवलं. रविवारी संध्याकाळी अव्वानं, म्हणजे आईनं, हे फोनवर सांगितलं, तेव्हाच श्रीदेवीनं नको म्हणायला हवं होतं. पण तिला आतून बरंच वाटलं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि जेवायला गेली.

आता संगणक सांगत होता, की तीच किल्ली हृदयाच्या कुलपातही तितकीच घट्ट बसते, आणि बसली की ठोके मंदावतात. हा अंदाजच होता, हे तिला कळत होतं. पण महिनाभर ज्या अंदाजावर मिरवली, त्याच्यावर आज कोणत्या तोंडानं शंका घेणार?

तिनं अप्पांना फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला तर बंद. मौन पाळायचं म्हणजे माणूस पक्का. अव्वाकडं वेगळा फोन नव्हता. शेजारचा चुलतभाऊ नंदीश दुधाच्या फेरीवर, तोही उचलेना.

खोलीतल्या करिश्माची स्कूटी घेऊन ती निघाली. चौदा किलोमीटर. हैदराबादकडं जाणारे ट्रक अंगावर येत होते, ती दोन ट्रकांच्या मधून गाडी काढत होती आणि उजाडू नको, उजाडू नको म्हणत होती. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा तिला रडू आलं.

ती दारात पोचली तेव्हा अप्पा पाटावर बसले होते. पूजा झालेली, कपाळाला विभूती, हातात काठोकाठ भरलेला पेला. लेकीला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"अप्पा, पिऊ नका. माझं चुकलं."

पेला खाली आला. श्रीदेवी भिंतीला टेकली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून अव्वा उभी राहिली. तिचं तोंड घामानं भिजलं होतं.

"म्या आधी दोन घोट घेऊन बघितले," ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा हाय गं. पर मला माणूस एकच हाय."

एवढं बोलून ती खाली बसली.

नंदीश नुकताच परतला होता. त्याच्या दुधाच्या टेम्पोतून त्यांनी तिला उमरग्याला दवाखान्यात आणलं. नाडी चाळीसवर आली होती. इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. श्रीदेवी यंत्रावरच्या हिरव्या आकड्याकडं डोळे लावून बसली. चव्वेचाळीस. बेचाळीस. एकावन्न. दहा वाजता तो साठावर टिकला, आणि डॉक्टर म्हणाले, की दोनच घोट होते म्हणून वाचल्या, पेला रिकामा केला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

मग त्यांनी कागद पुढं ओढला. विषबाधेची खबर पोलिसांना द्यावी लागते.

"हे घ्यायला कुणी सांगितलं?"

"रुद्रम्मानं," बसवराज म्हणाले. "गावात औषध देती, म्हातारी हाय." लेकीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गळ्यात लिंग असलेला हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता.

डॉक्टर लिहू लागले. पन्नास वर्षं दोन पाणी न चुकता ओतून देणाऱ्या बाईचं नाव कागदावर उमटत होतं, आणि श्रीदेवीला ते बघवेना.

"ते नाव खोडा, डॉक्टर. रुद्रम्मा हे पाणी फेकूनच देते. प्यायला मी सांगितलं."

"श्रीदेवी," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "गप बस."

डॉक्टरांनी तिचं पूर्ण नाव विचारलं.

"श्रीदेवी बसवराज बिराजदार."

मधलं नाव लिहून होईपर्यंत अप्पा जमिनीकडं बघत राहिले. मात्र ते तिच्या शेजारून हलले नाहीत.