प्लासिदोचा कोनाडा

बस पोरी, इथं सावलीला बस. तुझी माणसं छिन्नी-हातोडा घेऊन उभी आहेत, राहू देत उभी. कबरस्तानाची भिंत काही पळून जात नाही. काल तू विचारलंस, त्या जूनमधले बेवारस मुडदे कुठल्या कोनाड्यांत आहेत, आणि मी म्हणालो आठवत नाही. आठवतं की नाही ते नंतर बघू. आधी एक गोष्ट ऐक. तुझ्या फायलीत ही नसणार, पैज लावतो.

तर ओतिलियानं रुबिएलाच्या हातातली फुलं हिसकावली आणि माझ्या घमेल्यात कोंबली. मी इथला गवंडी, घमेल्यात माल नुकता कालवलेला. पांढरी शेवंती, चांगली टपोरी, मानेपर्यंत सिमेंटात. सकाळचे नऊ वाजले असतील. सोमवार म्हणजे मेलेल्यांना भेटायचा वार, त्यामुळं भिंतीपाशी वीसेक बाया होत्या, त्या सगळ्या वळून बघायला लागल्या.

ओतिलिया धक्क्यावर मासे तळते. तिनं गिऱ्हाइकाला हाक मारली की पलीकडच्या तीरावर ऐकू जाते. त्या दिवशी मात्र आवाज चढवला नाही तिनं.

"एकोणीस वर्षं माझा नवरा वापरलास," ती म्हणाली. "आता माझा मेलेलाही पाहिजे?"

तू राजधानीतून आलीस, तुला हे मेलेल्याचं कोडं वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या बंदराशी नदी वळते, आणि वरच्या अंगाला जे सोडून देतात ते त्या वळणाला लागतं. त्या वर्षांत काय काय लागायचं ते तुला ठाऊकच आहे. बंदूकवाले सांगून गेले होते, वाहतंय ते वाहू द्या, आणि कुणाला ओळख पटली तर त्यालाही त्याच पाण्यात पाठवू. तरी आम्ही मुडदे काढायचो, मी आणि दोन-तीन कोळी. इथं आणून कोनाड्यात ठेवायचं, मी कोनाड्याचं तोंड लिंपून बंद करायचो, आणि ओल्या गिलाव्यावर खिळ्यानं लिहायचो, पुरुष, महिना, बेवारस. मग एखादी बाई यायची आणि त्यातला एक निवडायची. कोनाडा रंगवायची, त्याला नाव द्यायची, खाली लिहायची 'निवडलेला'. दर सोमवारी यायचं, बोटानं टकटक करून उठवायचं, पेलाभर पाणी ठेवायचं आणि काय मागायचं ते मागायचं. त्याला कुणीतरी मिळतं, हिला ऐकणारा मिळतो. पाद्रीबाबा पहिल्यांदा कुरकुरले, मग त्यांनीही एक निवडला.

ओतिलियाचा तो हिरवा. तिसरी ओळ, डावीकडून पाचवा. नवरा एव्हेलियो भारी बडबड्या होता, म्हणून मेलेल्याचं नाव तिनं ठेवलं प्लासिदो. म्हणजे शांत माणूस.

एव्हेलियो नाव चालवायचा, माणसं पलीकडं बसच्या थांब्यावर सोडायचा. आणि परत येताना कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या रुबिएलाच्या ओसरीत पाणी प्यायचा. नदीवरच्या माणसाला एवढी तहान कशी लागते, असं ओतिलिया चारचौघांत विचारायची. एका जूनमध्ये एकाच दिवशी दोघं गायब. नाव सापडली पलीकडं, बसच्या बाजूला, थांब्यावरून न दिसणाऱ्या खुंट्याला नीट बांधलेली. आता सांग, गावानं काय समजायचं?

त्या काळात घरटी कुणी ना कुणी हरवलेलं होतं. बाया फोटो गळ्यात अडकवून शनिवारी चौकात बसायच्या, कचेरीत तक्रारी लिहून द्यायच्या. ओतिलियाला बोलवायला आल्या तर तिनं हातातला झारा दाखवला. माझा हरवलेला नाही, म्हणाली, पळालेला आहे, तुमच्या रांगेत बसून माझी शोभा करायची नाही. पुढं तुमच्या कचेरीची माणसं हाडांशी जुळवायला नातेवाइकांच्या लाळेचे नमुने घ्यायला आली, तेव्हाही तिनं लेकीला, लेइदीला, दार उघडू दिलं नाही.

आणि दर सोमवारी प्लासिदोला त्या दोघांची खबर. मी मागं माल कालवत असायचो, सगळं ऐकू यायचं. पहिल्या वर्षी ती दोघं एका खोलीत राहत होती, रुबिएलाचा भात करपत होता. पाचव्या वर्षी त्यांच्याकडं फ्रीज आला. दहाव्या वर्षी दोन मुलगे, धाकटा बापासारखा बडबड्या. पंधराव्या वर्षी एव्हेलियोला गुडघेदुखी लागली आणि ती बाई त्याच्या गुडघ्याला तेल चोळायला लागली, त्या दिवशी ओतिलिया इतकी चिडली की पाण्याचा पेला फुटला. फ्रीजपासून तेलापर्यंत सगळं तिनं मनानंच रचलेलं, पण तिला ते दिसायचं. मागणं एकच असायचं. प्लासिदो, त्याचा पाय सडव. प्लासिदो, त्याला तिच्या हातचं पचू देऊ नको.

मी तिच्याकडं रोज दुपारी जेवायचो. तळलेला बोकाचिको मासा आणि चेपून तळलेलं हिरवं केळं. मला बोकाचिको आवडत नाही. फार काटे असतात.

मग या जानेवारीत रुबिएला बसमधून उतरली. एकटी, केस पांढरे, हातात एक पिशवी. धक्क्यावर बातमी पोचली तशी ओतिलियानं चूल विझवली. आठवडाभर तिनं स्टॉल उघडला नाही. बाजारात रुबिएलाच्या मागं मागं. तिनं एक अंडं घेतलं, एक केळं घेतलं, हे ओतिलियानं मला येऊन सांगितलं. एकट्यापुरतं घेते म्हणजे त्याला कुठंतरी लपवून ठेवलाय, बाहेरून जेवण मागवत असेल. मी म्हणालो, नाहीतर आलाच नसेल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी काटे काढायला लागलो.

आता गंमत बघ. रुबिएलाही हिच्या मागावर होती. हिच्या अंगणात दोरीवर विजारी वाळत घातलेल्या, जावयाच्या, पण मापानं एव्हेलियोच्याच. रुबिएला समोरच्या बेकरीत बसून त्या विजारींकडं बघायची. कॉफी गार व्हायची तिची. हे मला बेकरीवाल्यानं सांगितलं. मग तिनं बघितलं की ओतिलिया सोमवारी फुलं घेऊन कबरस्तानात जाते, हिरव्या गिलाव्यावर हात ठेवून तासभर बोलते. एवढा वेळ कुणी परक्याशी बोलत नाही. रुबिएलानं आपल्या मनाशी ठरवलं, एव्हेलियो मेला आणि हिनं त्याला पुरला. नाव वेगळं असेना, त्या वर्षांत कितीतरी जणांना खोट्या नावानं पुरलं होतं. म्हणून पुढच्या सोमवारी ती शेवंती घेऊन आली. आणि पुढं घमेल्याचं मी सांगितलंच.

रुबिएला त्या सिमेंटातल्या फुलांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी वापरला? तो तुझ्याकडं राहिला ना."

ओतिलिया हसली. हसली कसली, तोंड वाकडं केलं.

"दोन तिकिटं होती माझ्याकडं," रुबिएला म्हणाली. "सकाळची बस सोडली, दुपारची सोडली, शेवटच्या गाडीला कंडक्टरनं मला हाताला धरून चढवलं. म्हटलं, बायको जिंकली. एकोणीस वर्षं मी तिकडं कुकुता शहरात दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावते आणि मला दिसतं, तू मासा तळतेस आणि पहिला तुकडा त्याला देतेस."

ओतिलिया माझ्या पालथ्या बादलीवर बसली. बसल्यावर तिचं वय एकदम दिसायला लागलं. बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली, कोरडेच हात. आणि मग जे बोलली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सांग ना, तुझ्याकडं आहे म्हणून," ती म्हणाली. "मी काही करणार नाही. असू दे तुझ्याकडंच."

"असता तर आत्ता परत केला असता गं," रुबिएला म्हणाली.

मग दोघी भिंतीकडं बघायला लागल्या. वरची ओळ, मधली, खालची, एकेक कोनाडा. हिरव्याकडं वेगळं असं कुणी बघितलं नाही. मी थापी धुतली. स्वच्छ होती, तरी धुतली.

पुढचं तुला माहीत आहे. ओतिलिया लेइदीला घेऊन तुमच्या कचेरीत आली, रुबिएला मागून. कारकुनानं रुबिएलाला विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? उत्तर ओतिलियानं दिलं, ही माझ्याबरोबर आली आहे, एवढंच लिहायचं, पुढं एक अक्षर नको. तुला वाटेल मिटलं. कसलं मिटतंय. एका बाकाच्या दोन टोकांना बसतात आणि कोण जास्त रडते यावर दोघींचं लक्ष असतं. परवा रुबिएलानं रुमाल काढला तर ओतिलिया म्हणाली, जपून वापर, लग्नाची बायको मी आहे.

पण गेल्या सोमवारी ओतिलिया एकटी आली. टकटक केली, पाणी ठेवलं. शिव्या नाहीत, पायाचं नाही, गुडघ्याचं नाही. गिलाव्याला गाल लावून म्हणाली, प्लासिदो, तुमच्यातच असेल रे कुठंतरी, आजूबाजूला विचारून बघ. बडबड्या आहे, सापडेल.

मी माल कालवत होतो. फावडं हातातून पडलं.

तर पोरी, आता लिही. तू काल सात कोनाडे खरवडायचे म्हणालीस. सहा सोड. तिसरी ओळ, डावीकडून पाचवा. हिरव्या रंगाखाली माझ्या खिळ्याचं अक्षर निघेल, पुरुष, जून. ती दोघं गायब झाल्यावर चौथ्या दिवशी आला तो वळणाला. तोंड माशांनी ठेवलं नव्हतं. पण कंबरेला निळी नायलॉनची दोरी होती. एव्हेलियोनं जन्मात पट्टा लावला नाही, नावेचीच दोरी बांधायचा, नावाड्याची गाठ मारून, सगळा धक्का त्याला हसायचा. दोरी मी सोडली नाही. आत आहे, बघशील तू.

महिन्याभरानं ओतिलिया आली, मला एक मेलेला पाहिजे म्हणाली, ज्याला कुणी नाही असा. मी म्हणालो, हा घे, याचा गिलावा अजून नवा आहे. तेवढं बरं काम केलं असं मला तेव्हा वाटलं. म्हटलं, नवऱ्यापाशी येत तरी जाईल.

तू विचारशील, बोललास का नाही. पहिली आठ वर्षं भीतीनं, हे खरं आहे, देवाशपथ. ओळख पटली म्हणणारे दोघं माझ्या डोळ्यांदेखत नदीत गेले. मग बंदूकवाले गेले. त्याला अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांची भीती मी कुठून आणू?

मला ऐकायला बरं वाटायचं, पोरी. ती त्याला शिव्या घालायची आणि मला मागं उभं राहून बरं वाटायचं. हरवलेल्याची बायको वाट बघत राहते. पळालेल्याची बायको कधीतरी कंटाळते, असं मला वाटलं. त्या कंटाळ्यासाठी मी एकोणीस वर्षं बोकाचिकोचे काटे काढत बसलो. ती कंटाळली नाही. रागावत राहिली, आणि कुणावर इतकी वर्षं रागावणं म्हणजे काय असतं ते मला फार उशिरा कळलं. तो भिंतीत मेलेला, बिननावाचा, आणि त्याला दर सोमवारी ताजं पाणी. मी जिवंत, समोर बसलेला, आणि तिनं कधी विचारलं नाही, अनिबाल, मासा आवडतो का तुला.

लिहिलंस? सगळं लिहिलंस ना, माझ्या नावासकट? मग छिन्नीवाल्यांना अजून थोडं थांबायला सांग. दोघी फाटकापाशी बाकावर आहेत. कागद वाचून तिला हे कळायला नको, तुझ्या तोंडूनही नको. मी सांगतो. हात दे इकडं, गुडघे धरलेत, उठव मला. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चल, आणि वाटेत मी मागं वळायला लागलो तर वळू देऊ नकोस.