मास्तरांचं माप

“पोट आत ओढू नका, राव. टेपला फसवाल, पण शिवलेल्या कपड्याला कसं फसवाल?”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. बोलणारे होते एक म्हातारे शिंपी, आणि त्यांच्यासमोर छाती फुगवून, श्वास कोंडून उभं होतं एक गिऱ्हाईक. म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकून ते लाजलं, त्यानं भसकन श्वास सोडला, आणि मी त्याच्या कमरेभोवती ताणली जाऊन हसले. तेव्हा मी कोरी करकरीत होते. आता मी एक जुनी टेप आहे. शिंप्याची, मापं घ्यायची. माझे सुरुवातीचे आकडे पुसट झालेत, कडा विरल्यात. एका टोकाची पितळी टोपी केव्हाच निखळली, तिथे दोऱ्याची गाठ आहे. तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे, आणि ते दुःखाचं नाही, विजयाचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. घट्ट विणीची फीत कापली, तिच्यावर मेणाचा हात फिरवला, आकडे छापले आणि मला गुंडाळून डबीत ठेवलं. म्हाताऱ्या शिंप्यांनी डबी उघडली त्या दिवसापासून मी जगाच्या कमरा, छात्या, दंड, मनगटं मोजत आले. पुढे त्यांची नजर मंदावली. एका सकाळी त्यांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढलं आणि मुलाच्या गळ्यात घातलं. शिंप्याच्या घरात वारसा असाच देतात.

तो मुलगा म्हणजे आमचे मास्तर. खाली दुकान, वर घर, मध्ये एक अरुंद दगडी जिना. मास्तरांचा हात असा की कोट अंगावर चढला की वाकलेला माणूसही ताठ चालू लागे. आख्ख्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ. “घड्याळवाल्याचा डावा खांदा उतरलेला आहे, तिथे एक पदर जास्त घाल,” असं ते झोपेतही सांगतील. लोक त्यांची तारीफ करत, आणि मी त्यांच्या गळ्यात दागिन्यासारखी मिरवत असे.

शिंप्याची टेप खिशात राहत नाही, गळ्यात राहते. म्हणून माणसाचा श्वास तिला सगळ्यांच्या आधी कळतो.

पूर्वी मास्तर पायानं मशीन चालवत. मग मशीनला मोटर बसली आणि पाय स्वस्थ झाले. काम वाढलं, बसणं वाढलं. चहाचा पेला रिकामा व्हायच्या आत दुसरा येई, सोबत बिस्किटं. समोरचा घड्याळवाला जुना मित्र, तो तळलेल्या भज्यांच्या पुड्या घेऊन यायचा आणि म्हणायचा, “खा रे, तुझं माप कोण घेतंय?” दोघंही हसत. हसता हसता मास्तरांची मान भरत गेली, आणि मी जी पूर्वी त्यांच्या छातीवर सैल लोंबत असे, ती पोटावर आडवी टेकून राहू लागले.

मग जिना आला. म्हणजे जिना होताच, पण आता तो दिसू लागला. मास्तर मधल्या पायरीवर थांबत आणि कठडा निरखत, जणू त्याला रंग द्यायचा आहे. मागून त्यांची बायको येई, गुडघे दुखतात म्हणत दोन पायऱ्या खालीच थांबे. माझ्याखाली त्यांच्या गळ्याची शीर पाखरासारखी फडफडत असे. पुढे दुपारचं जेवण खालीच येऊ लागलं. पुढे दुपारची झोपही कापायच्या टेबलावर होऊ लागली. मला कळून चुकलं की असंच चाललं तर हा माणूस एक दिवस स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा जाईल, आणि मग तेवढाही जाणार नाही.

पण खुद्द मास्तरांना यातलं काही उमगलं नव्हतं. का, ते ऐका, कारण अशी चूक फक्त शिंप्याच्याच घरात होऊ शकते. इतर माणसांची पॅन्ट घट्ट होते, बटणं तुटतात, आणि शरीर त्यांना सावध करतं. मास्तरांची पॅन्ट कधी घट्ट झालीच नाही. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, काजं-बटणं आणि तुरपाईचं काम करायची. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात त्याला शिंपी माया म्हणतात. कंबर जरा ताणली की वहिनी मागची शिवण उसवायची, थोडी माया सोडायची, पुन्हा टीप घालायची, इस्त्री करायची आणि पॅन्ट जागच्या जागी ठेवायची. माया संपली तेव्हा तिनं त्याच रंगाची पट्टी जोडली. मास्तर जगाचे कपडे डोळ्यांत तेल घालून शिवत, आणि स्वतःचे डोळे मिटून घालत.

एकदा गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पांढरा कोट शिवायला आल्या. मास्तरांनी नुसती बाही मोजली तरी त्यांना धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं माप राहू दिलं आणि विचारलं, “मास्तर, तुमची कंबर किती?”

मास्तरांनी फटकन आकडा सांगितला. तो त्यांच्या लग्नातल्या सुटाचा होता.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मला मास्तरांच्या गळ्यातून काढलं आणि कमरेभोवती वेढलं. मी नवा आकडा दाखवला. खोटं मला येत नाही. मास्तरांनी पॅन्टची मागची शिवण चाचपली, जोडलेली पट्टी बोटांना लागली. टाका कोणाच्या हातचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

“कधीपासून?” ते म्हणाले.

वहिनी जमिनीवरची कतरणं, कापडाचे उरलेले तुकडे, गोळा करत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं होतं. मास्तर गेले नाहीत. त्यांनी मला कतरणांच्या पेटीत टाकलं आणि बाजारातून नवी गुळगुळीत टेप आणली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो अंधार. अंगावर चिंध्या, कानावर फक्त आवाज. बाकीचं पुढे दुकानातल्या बोलण्यातून कळलं. मास्तरांना वजन एका दमात उतरवायचं होतं. त्यांनी जेवण तोडलं, लिंबूपाण्यावर दिवस ढकलू लागले. आणि, हसू नका, कॉलर ताठ राहावी म्हणून जे कडक कापड घालतात, त्या बकरमचा एक पट्टा शिवून त्यांनी पोट आवळून बांधलं. वरून सदरा घातला की कोणीही फसावं, इतकी ती शिलाई सुरेख होती. आरशासमोर मात्र ते फार वेळ उभे राहत नसत.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक जड आवाज झाला. कात्री खाली पडली. मास्तर उभ्या उभ्या कोसळले होते, आणि टेबलावरच्या नव्या कोटाच्या कापडात कात्रीनं आडवी वाट काढली होती. वहिनीनं आधी पट्टा कापला, मग पाणी पाजलं, मग डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, तपासण्या लिहून दिल्या. मग स्टूल ओढून बसल्या.

“मास्तर, जुनी शिवण तुम्ही कशी उसवता?”

“एकेक टाका.”

“ओढून का नाही?”

“कापड फाटेल.”

“झालं तर,” त्या म्हणाल्या. “देहाचंही तेच कापड आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं त्यात जादू कुठेच नव्हती. कोणतंही जेवण चुकवायचं नाही. अर्धं ताट भाज्यांचं, उरलेल्यात थोडी डाळ आणि थोडं धान्य. गोड आणि तळलेलं कधीतरी, चवीपुरतं. चहातली साखर हळूहळू कमी करायची. सपाट रस्त्यावर चालायचं, तेही बोलता येईल इतक्याच वेगानं. बोलणं तुटलं की वेग कमी. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि त्यांना कळवायचं. माप रोज घ्यायचं नाही, महिन्यातून एकदा पुरे. झोप नीट घ्यायची.

त्या गेल्यावर वहिनीनं कतरणांची पेटी उपसली. मी तळाशी होते. तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, सुटलेल्या टोकाला ही दोऱ्याची गाठ मारली आणि मास्तरांच्या गळ्यात घातलं. नवी टेप गिऱ्हाइकांसाठी राहिली. मी त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळवाला दाराशी हजर. पुड्या आणून आणून आपणही यात भर घातली, हे त्याला टोचत असावं. पण तो कबूल थोडाच करणार? म्हणाला, “मलाच चालायचंय. तू आलास तर गप्पा होतील.” पहिल्या दिवशी गल्लीचं टोक आलं आणि मास्तर परत फिरले. दुसऱ्या आठवड्यात पिठाची गिरणी लागली. मग पाण्याची टाकी, मग शाळेचं कुंपण. मास्तरांचं बोलणं तुटलं की घड्याळवाला मुद्दाम बुटाची नाडी बांधायला वाकायचा. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, चामडी पट्टे होते, पण मास्तरांनी ते कधी दाखवून दिलं नाही.

दुकानात मास्तर तासातासानं स्टुलावरून उठून पुन्हा बसू लागले, हात टेकल्याशिवाय. एक दिवस त्यांनी मशीनची मोटर काढून ठेवली. पायांनी पुन्हा फळी ओळखली. त्या लयीत वहिनी तुरपाई करता करता गुणगुणायची,

सुईमागे दोरा, दोऱ्यामागे गाठ,
हळू हळू चालू, सरेल ही वाट.

महिना झाला. वहिनीनं मला वेढलं. आकडा जिथे होता तिथेच. मास्तरांचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी ते मिठाईचा आख्खा पुडा घेऊन बसले आणि एकटेच खाऊ लागले. वहिनीनं पुडा हिसकावला नाही, टोमणाही मारला नाही. घड्याळवाला मात्र समोर बसला, एक तुकडा उचलला आणि म्हणाला, “एक टाका चुकला म्हणून तू कधी कोट फेकलास का रे? सकाळी येतो.” आणि तो आला. आणि मास्तर दारात उभे होते.

मग हळूच बदल होऊ लागला, पहाट होते तसा, नेमका क्षण सांगता येऊ नये असा. आधी श्वास बदलला. माझ्याखालची ती फडफड शांत झाली. मग झोप गाढ झाली. मग मी पोटावर टेकणं सोडलं आणि पुन्हा छातीवर झुलू लागले. पुढच्या मापाला मी एक बोट मागे सरले. त्याच्या पुढच्याला आणखी जरा. तपासणीचे कागद पाहून डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, घाई करू नका, असंच चालू ठेवा.

एका दुपारी मास्तरांनी स्वतःची पॅन्ट टेबलावर पसरली. वहिनीनं जोडलेली पट्टी त्यांनी एकेक टाका उसवून काढली. कापड कुठेही फाटलं नाही. मग शिवण आत घेतली आणि टीप मारली. मी आजवर हजारो कपड्यांची शिलाई पाहिली, पण त्या शिलाईसारखी सरळ रेघ दुसरी पाहिली नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आपल्या माणसाचा श्वास ऐकत जा. त्याला हसू नका, त्याच्या मागे लागू नका, आणि त्याचं खरं त्याच्यापासून लपवूही नका. त्याच्यासोबत चाला. आणि स्वतःच्या देहाला दोष देऊ नका. त्यानं तुम्हाला इथवर आणलंय. त्याला वेळ द्या, बरं अन्न द्या, रोज थोडं चालवा. तो उपकार विसरत नाही.

आता शेवटचं सांगते. परवा सकाळी कापडाचा नवा गठ्ठा आला. मास्तरांनी तो खांद्यावर टाकला आणि जिना चढू लागले. मधली पायरी आली. मी त्यांच्या गळ्याभोवती घट्ट धरून होते. ते थांबले नाहीत. कठड्याकडे पाहिलंही नाही. घराचं दार आलं, गठ्ठा आत ठेवला, आणि मग ते वरच्या गच्चीकडे वळले, जिथे त्यांचं पाऊल कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. खाली गल्लीत घड्याळवाला मान वर करून उभा होता. मास्तर कठड्याशी दिसले तसा तो टाळ्या वाजवू लागला. पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली, त्यांना कारण माहीत नव्हतं, तरी त्यांनीही वाजवल्या. वाऱ्यानं मी मास्तरांच्या छातीवरून उडाले आणि झेंड्यासारखी फडफडले.

मास्तर हसत मागे वळले. वहिनी शेवटच्या पायरीवर उभी होती. डोळे भरलेले.

“अगं, वर ये की. गुडघे दुखतायत का?”

“माझे गुडघे कधीच दुखत नव्हते,” वहिनी म्हणाली. “इतकी वर्षं मी जिन्यात तुमच्या मागून चढायचे, ती तुम्ही पडलात तर धरायला. रोज वाटायचं, आजच पडाल. कुणाला बोलले नाही. आज म्हटलं, मागे राहायचं कारण नाही.”

आणि ती पुढे आली.