ऊन दाखवलेल्या बाटल्या

लेबल छापायचं मशीन घ्यायला जाताना आनंदीबाईंना बरोबर न्यायलाच नको होतं, असं मी दोन महिने स्वतःला सांगते आहे. जळ्ळी मेली ती समजूत! त्यांचा काय दोष? पहिल्यापासून सांगते, म्हणजे कळेल कोणाचं चुकलं ते.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एमआयडीसीत आमचा गाळा आहे. म्हणजे होता. नऊ बायका मिळून आम्ही अमृत कोकम करायचो. कारभार माझ्याकडे, कारण मी बारावी शिकलेली आणि तोंडाने फटकळ. पण कोकमाला हात आनंदीबाईंचा. वय पासष्टच्या पुढे, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. साखर किती, मीठ किती, जिरं कधी, सगळं त्यांच्या बोटांत. आणि बाटल्या भरून झाल्या की दोन दिवस त्यांना ऊन दाखवायचं, हा त्यांचा नेम. गाळ्यामागे कातळावर पत्रे टाकायचे आणि त्यावर बाटल्या आडव्या निजवायच्या. एका वर्षी मी म्हटलं, राहू दे यंदा. त्या वर्षी निम्म्या बाटल्या फसफसल्या आणि झाकणं उडाली. तेव्हापासून मी त्यात तोंड घातलं नाही.

लेबलं आमच्यातली दर्शना हाताने लिहायची. माल स्टँडजवळच्या दुकानांत जायचा आणि गणपतीनंतर गाळ्याला कुलूप लागायचं. मग यंदा पुण्याच्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी दोन हजार बाटल्या मागितल्या. माल पसंत पडला तर बारा महिने काम देतो म्हणाले. बारा महिने! मैना त्या दिवशी रडलीच, कारण गाळा बंद झाला की ती कोळंबी सोलायला जाते आणि बर्फाने तिची बोटं सडतात. आनंदीबाई रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी मला रोज यायला मिळेल."

पुण्याहून त्यांचा साहेब गाळा बघायला आला. नाक मुरडत सगळीकडे फिरला. "उघड्यावर काही ठेवत नाही ना? धूळ, माश्या?" मी म्हटलं, "छे हो!" आणि त्याच्या फॉर्मवर सही ठोकली. मग तो म्हणाला, हाताने लिहिलेलं चालणार नाही, बॅच नंबर, तारीख, बारकोड सगळं छापील हवं. मशीनसाठी त्यानेच कोल्हापूरच्या एका दुकानाचा पत्ता दिला.

आनंदीबाईंना मी हौसेने नेलं. लेबलवर त्यांचं नाव येणार होतं ना, 'आनंदीबाईंचं अमृत कोकम'. दुकानात एसी होता. त्या पदर घट्ट लपेटून माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. दुकानातला संदेश नावाचा पोरगा मोठा बोलका. त्याने दोन मशीनं दाखवली. एकात शाईची रिबन लागते. दुसऱ्यात काहीच लागत नाही, कागदच तसला असतो, गरम झाला की त्यावर काळं उमटतं. दुसरं भराभर छापत होतं, आणि रिबन बदलायची, गुंतायची कटकट नाही. पण त्याने विचारलं हो. अगदी वहीत पेन टेकवून विचारलं.

"ताई, तुमचा माल उन्हात किंवा गरम जागी राहतो का? राहत असेल तर हे घेऊ नका. आख्खं लेबल काळं पडेल. मग रिबनवालंच घ्या."

मी काय सांगायचं होतं? 'राहतो, दोन दिवस, तापल्या पत्र्यावर.' एवढं एक वाक्य. पण पोरगा साहेबाच्या ओळखीचा. उद्या बोलता बोलता त्याच्या कानावर घालेल, आणि मी तर सही करून बसलेली. त्यातून त्या एसीत, त्या चकचकीत टेबलापुढे, मला कातळावरच्या पत्र्यांची लाज वाटली. हो, लाज वाटली. खोटं कशाला सांगू?

"आम्ही काय अंगणात वाळवणं घालणाऱ्या वाटलो?" मी म्हटलं. "आमची फॅक्टरी आहे. उन्हाचा काही संबंध नाही. हे दुसरंच द्या."

आनंदीबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. 

परतताना घाट उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "राजश्री, मग यंदा ऊन नाय दाखवायचं काय गो?"

मशीन मांडीवर, दिवसभराचा प्रवास, मनात ती टोचणी. मी खेकसले. "तुमचं काम तुम्ही करा! मशीनचं मी बघते."

त्यांनी त्यांचं काम केलं.

पहिलं लेबल निघालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आनंदीबाईंना वाचता येत नाही. दर्शनाने त्यांचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. लेबलं चिकटवून झाली आणि दोन दिवस मी बँकेच्या आणि ट्रकच्या मागे रत्नागिरीत पायपीट करत होते. माझ्या डोक्यात आलं नव्हतं का? आलं होतं. एकदा आलं, शपथेवर सांगते, स्टेट बँकेच्या रांगेत. मी म्हटलं, पोरगा उगाच घाबरवत असेल, एवढ्याशा उन्हाने काय होतंय. फोन करायला दोन मिनिटं लागली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला, पाठोपाठ साहेबाची गाडी. बायका बाटल्या पत्र्यांवरून उचलून आत आणायला लागल्या होत्या. बाटल्यांचं अंग अजून कोमट होतं. आणि प्रत्येक बाटलीवर, पत्र्याला टेकलेल्या बाजूला, काळपट चौकोन. ना नाव, ना तारीख, ना बारकोड. साहेबाने स्कॅनर लावून बघितला. एक बाटली, दुसरी, दहावी. मग तो मागच्या दाराने कातळावर गेला आणि पत्रे बघून परत आला.

"मॅडम, लेबलं काय, दुसरी लावता येतील," तो म्हणाला. "पण तुम्ही मला लिहून दिलंय, उघड्यावर काही ठेवत नाही म्हणून."

आठ बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मैनाच्या हातात दोन बाटल्या तशाच होत्या.

"नाहीच ठेवत," मी म्हटलं. "यांनी कोणाला न विचारता ठेवल्या." आणि आनंदीबाईंकडे बोट दाखवलं. हे बोट. या हाताचं.

मैना ओरडली, "अगो म्हातारे, तुला कोणी सांगितलं होतं गो?"

आनंदीबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चुकलं माझं," म्हणाल्या. पदराने एक बाटली पुसत राहिल्या, जसं काही पुसून ते जाणार होतं.

एवढं करून काय मिळालं? डोंबल! साहेबाने ऑर्डर रद्द केलीच. ट्रक रिकामा गेला. आनंदीबाई दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत आणि त्यांना बोलवायला कोणी गेलं नाही. पंधरा दिवसांत गाळा बंद झाला. मैना आणि चौघीजणी कोळंबी सोलायला लागल्या. वाडीत आनंदीबाईंशी कोणी धड बोलत नाही. नळावर त्या आल्या की बायका हंडे उचलून निघतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

काल मी त्यांच्याकडे गेले. घरात अंधार होता, चूल पेटलेली नव्हती. मला बघून त्यांनी पाट सरकवला. मी बसलेच नाही. उभ्याउभ्याच सगळं ओकले. साहेबाच्या फॉर्मवरची सही, संदेशचा प्रश्न, माझं उत्तर. रडले, पाय धरायला वाकले. म्हटलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं. सगळं माझं चुकलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"हे मला काय सांगतेस बाय?" त्या म्हणाल्या. "मी तिथंच बसलेली ना, तुझ्या बाजूला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू बोलशील असं वाटलं."

 त्यांनी पाट परत भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "मला सांगू नको. त्यांना सांग. नळावर तेवढं मला पाणी भरू देत, बस."

मी म्हटलं, सांगते. आजच सांगते. अगदी मनापासून म्हटलं होतं.

पाणंद उतरून खाली आले तर बस थांब्यावर दर्शना, मैना आणि आणखी दोघी उभ्या होत्या, कोळंबीच्या कारखान्यात पाळीला निघालेल्या. मैनाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मला बघून दर्शनाने विचारलं, "म्हातारीकडून आलीस? काय म्हणाली? तिला कळलं तरी का, आपल्या सगळ्यांचं वाटोळं केलं ते?"

चौघीजणी माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "कळलंय तिला."

बस आली आणि आम्ही सगळ्या चढलो. दर्शनाने सरकून मला जागा दिली.