खोलीचा आवाज

"...पाच, सहा, सात." माइकमध्ये हॅलो-हॅलो करायची विश्वनाथला आजही लाज वाटायची, म्हणून तो आकडे मोजायचा आणि तेही मराठीत. रिचमंड हिलच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये आठवर पोचायच्या आधीच शंतनु धावत आला.

"लोइस पोचल्या रे! भाची ड्राइव्ह करून घेऊन आलीय. बॉर्डरवर तासभर लाइन होती म्हणे. पुढच्या रोमध्ये दोन सीट्स ठेव."

"सकाळीच ठेवल्या. तू एवढा घाबरून का राहिला बे?"

"कुठे काय? चिल," शंतनु म्हणाला आणि पडद्याकडे बघत राहिला.

विश्वनाथ मूळचा नागपूरचा. आठवडाभर तो जवळच्या वॉनमधल्या गोदामांची हीटिंगची यंत्रं दुरुस्त करायचा. नऊ वर्षांपूर्वी शंतनुच्या बेसमेंटमधला घर गरम ठेवणारा फर्नेस न उघडता, नुसता ऐकून त्यानं सांगितलं होतं, "पंख्याचं बेअरिंग गेलं." पुण्याचा सॉफ्टवेअरवाला शंतनु तेव्हा आवाजासाठी माणूस शोधत होता. त्याला एकच वेड होतं: १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात अमेरिकेतल्या लहान गावांच्या पोस्ट ऑफिसांच्या भिंतींवर ज्यांनी चित्रं काढली आणि ज्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, अशा चित्रकारांवर माहितीपट करायचे. कॅमेरा शंतनुचा, माइक विश्वनाथचा. शनिवार-रविवार सीमा ओलांडून अमेरिकेत जायचं आणि उरलेला आठवडा त्याबद्दल बोलायचं. "तू त्याचा मित्र नाहीस, त्याचा माइक आहेस," असं विश्वनाथची बायको छाया त्याला चिडवायची. विश्वनाथ हसायचा. त्याच्या आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आज दाखवायचा हा तिसरा माहितीपट इडा क्रॉलीवर होता. इडानं ओहायोतल्या एका पोस्टात टोमॅटोच्या कारखान्यातल्या बायका रंगवल्या होत्या. पुढे एका पोस्टमास्तरनं त्यांच्यावर पांढरा रंग फासला. इडानं पुन्हा ब्रश हातात घेतला नाही. लोइस तिची मुलगी, वय एकोणनव्वद.

ऑक्टोबरमध्ये ते तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. बोलायच्या आधीच तिनं अट घातली. "मी रडणार नाही. आणि चुकून रडले तर ते घ्यायचं नाही. रडणारी बाई दाखवली की लोक चित्र विसरतात. माझ्या आईचं काम दाखवा, माझे डोळे नकोत." शंतनुनं शब्द दिला. विश्वनाथनंही दिला, आणि लोइसनं मान डोलावली ती त्याच्याकडे बघून.

दोन तास ती कोरड्या डोळ्यांनी बोलली. मग विश्वनाथनं रिवाजाप्रमाणे खोलीचा आवाज घेतला. मुलाखत संपली की आवाजवाला सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवतो आणि नुसत्या खोलीचा आवाज टिपतो: फ्रिजची घरघर, घड्याळ, खिडकीतला वारा. पुढे वाक्यं कापून जोडली की सांधे कळू नयेत म्हणून तो खाली अंथरायचा असतो.

"कॅमेरा बंद?" विश्वनाथनं विचारलं. शंतनुनं अंगठा वर केला.

"लोइस, आता चित्रीकरण संपलं. फक्त एक मिनिट अजिबात हलू नका. खुर्चीसुद्धा वाजायला नको."

ऐकताना विश्वनाथ नेहमी डोळे मिटायचा. अर्धं मिनिट झालं आणि हेडफोनमध्ये तिचा श्वास अडकला, पुन्हा अडकला. त्यानं डोळे उघडले नाहीत. म्हाताऱ्या बाईला रडायचं तर रडू द्यावं, आपण बघू नये, एवढंच त्याच्या मनात आलं. म्हणून कॅमेऱ्याचा लाल दिवाही त्याला दिसला नाही.

लायब्ररीचा हॉल भरला. दुपारी दोनला माहितीपट सुरू झाला. विश्वनाथ मागच्या टेबलाशी आवाज सांभाळत बसला. त्यानं आधी पाहिलेल्या प्रतीत शेवटाला भिंतीचा जुना फोटो यायचा, टोमॅटो निवडणाऱ्या बायका दिसायच्या आणि नावं सुरू व्हायची. फोटो आला, गेला. मग फ्रिज ऐकू आला. तो फ्रिज विश्वनाथनं कुठेही ओळखला असता.

त्यानं मान वर केली. पडद्यावर लोइस होती. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवलेले, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत ओघळत आलेलं. ती ते पुसत नव्हती.

विश्वनाथनं आवाज झटकन खाली ओढला. त्याच्या हातात तेवढंच होतं. चेहरा तसाच राहिला. हॉल आणखी शांत झाला आणि ती शांतता लोकांना मुद्दाम योजलेली वाटली. कुणीतरी मुसमुसलं. मग लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"विशू, काय टायमिंग! आवाज कट केलास, ब्रिलियंट!" शंतनु त्याला मिठी मारायला आला.

विश्वनाथनं त्याला दूर ढकललं. "कॅमेरा बंद होता ना?"

"अरे, ऑन राहिला चुकून. एडिटमध्ये दिसलं. फेस्टिव्हलवाले म्हणाले होते, इमोशन कमी पडतंय. सीरियसली, हा सोल आहे फिल्मचा."

"चुकून राहिला, तर मला सांगितलं का नाही?"

"तू नको म्हणाला असतास."

"हो," विश्वनाथ म्हणाला. नऊ वर्षं ज्याच्या शेजारी बसून तो सीमेपलीकडे जात होता, त्या मित्रानंच केसानं गळा कापला होता, आणि वापरला होता तो आवाजही विश्वनाथनंच जपून आणून दिलेला.

बाहेरच्या दालनात लोक रांग लावून लोइसचा हात हातात घेत होते. आम्ही किती रडलो, असं सांगत होते. ती सगळ्यांचे आभार मानत होती. रांग संपल्यावर तिनं विश्वनाथला पाहिलं.

"आईच्या चित्राबद्दल एकानंही विचारलं नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी मला तोंड झाकायचं होतं. तू हलू नका म्हणालास, म्हणून मी हलले नाही."

मला माहीत नव्हतं, हे विश्वनाथच्या ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण खरं असूनही ते त्याला सांगवेना. "सॉरी," तो म्हणाला. तिनं मान डोलावली आणि कोटाची बटणं एक एक करून स्वतःच लावली. भाची गाडी आणायला गेली होती.

पायऱ्यांवर नुकता बर्फ पडला होता, तो वितळवायचं मीठ अजून टाकलेलं नव्हतं. विश्वनाथ पुढे होऊन एक पायरी उतरला आणि त्यानं हात दिला. लोइसनं त्या हाताकडे क्षणभर पाहिलं. मग उघड्या बोटांनी थंडगार लोखंडी कठडा धरला, आणि दर पायरीला थांबत ती एकटीच खाली उतरली.