आवाज बसला तेव्हा

भिंगरीचे बाबा रेडिओवर बातम्या वाचायचे. आवाज असा, की भाजीवाल्यानेही दोन शब्दांत ओळखावा. संध्याकाळी तोच आवाज सहा वर्षांच्या भिंगरीच्या वाट्याला यायचा. ती पुस्तक घेऊन मांडीत बसायची आणि बाबा वाघाला घोगरा, सशाला चिरका आवाज देत गोष्टी वाचायचे. हळूहळू तीच वाचू लागली. ओळीवरून बोट फिरवत, पान अगदी वेळेवर उलटत. बाबांना कोण कौतुक! येईल त्याला सांगायचे, "आमची भिंगरी घडाघडा वाचते."

मग एक दिवस शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. "घरी थोडा सराव घ्या. तिला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत."

"काहीतरी घोळ होतोय तुमचा," असं बाईंना सांगून बाबा घरी आले. भिंगरीचा मामा आलेला होता. त्याच्यासमोरच बाबांनी नवं कोरं पुस्तक काढलं. "वाच."

भिंगरीने चित्राकडे पाहिलं. "एक होतं अस्वल..."

बाबांनी चित्रावर हात ठेवला. "अक्षरं बघ. काय लिहिलंय?"

तिचं बोट पहिल्या अक्षरावर अडून बसलं.

"जाऊ द्या हो भावोजी, लहान आहे," मामा म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस पाठ म्हणत होतीस? फसवत होतीस आम्हाला?" बाबांनी आवाज चढवला नाही. बातम्या वाचाव्यात तसं थंडपणे विचारलं.

भिंगरीने पुस्तक ढकललं. "मला तुझा आवाज नाही ऐकायचा! कध्धीच नाही!"

त्यानंतर तिने घरी पुस्तकाला हात लावला नाही; शाळेत मात्र बाई तिच्याकडून रोज अक्षरं गिरवून घेत होत्या. बाबांच्या लक्षात आलं, की आपण कधी एका शब्दावर तिच्यासाठी थांबलोच नाही. स्वतःचाच आवाज ऐकत राहिलो, आणि वर तिलाच खोटं पाडलं. तेही मामासमोर. तिची समजूत काढायची होती, पण आज काढू, उद्या काढू करता करता राहिलं, आणि एका सकाळी बाबांचा घसाच बसला.

"सूज आहे. दोन आठवडे अवाक्षरही काढायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबा पाठकोऱ्या कागदांवर लिहून बोलू लागले. "लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होतंय," आई हसून म्हणाली. भिंगरी मात्र हसली नाही. दारातून त्यांच्या गळ्याकडे बघायची आणि निघून जायची.

एका दुपारी आई कामावर गेलेली असताना भिंगरीने बाबांच्या मांडीवर एक कागद ठेवला आणि पळून पडद्यामागे लपली. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: मी बोलले मनून बाबाचा आवाज गेला.

सवयीने बाबांची पेन्सिल आधी 'मनून'कडेच गेली. ते जागीच ओशाळले. पोर एवढं ओझं घेऊन घरभर फिरत होती, आणि आपल्याला दिसला तो सुटलेला ह!

ओरडून 'नाही गं' म्हणायची सोय नव्हती. त्यांनी लिहायला घेतलं, 'तुझ्या बोलण्यामुळे', आणि खोडलं. एवढी जोडाक्षरं तिला कुठून येणार? मग सोपे शब्द शोधून मोठ्या अक्षरांत लिहिलं: नाही. घसा सुजला. माझं चुकलं.

भिंगरी पडद्यामागून आली. "ना... ही. नाही. घ... सा..." प्रत्येक अक्षराला वेळ लागत होता. बोलता येत असतं तर बाबांनी केव्हाच शब्द पुरवला असता. आता नुसतं बसून राहणंच हाती होतं.

"मा... झं. माझं चु... क... लं." तिने कागदावरून मान वर केली. "म्हणजे माझंच ना?"

बाबांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. 'माझं' खोडून वर लिहिलं, बाबाचं.

"बाबाचं चुकलं," ती म्हणाली. "का?"

त्यांनी लिहिलं: तुला रडवलं.

तिने ते दोनदा वाचलं. "हो," म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मग भिंगरीच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'चहा हवा का', 'खोकू नको', 'आई रागवली आहे'. बाबांनी एकीवरही पेन्सिल फिरवली नाही.

आवाज परत आल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं, "गोष्ट वाचू?"

"वाच. पण मला वाच म्हणायचं नाही."

त्यांनी कबूल केलं. आता ती आपली आपण वाचते, अडखळत, पण खरंखुरं. फक्त बाबा खोलीत आले की गप्प होते. आई म्हणते, होईल हळूहळू. तिने पुस्तक उघडलं, की ते काहीतरी निमित्त काढून बाहेर गॅलरीत जाऊन बसतात.

परवा आतून हाक आली. "बाबा, ऐकतोयस का?"

हो म्हणावं तर ती थांबणार, नाही म्हणावं तर ते खोटं.

"हो," ते म्हणाले.

आतून पान उलटल्याचा आवाज आला. मग पुढची ओळ आली, जरा हळू आवाजात.