मध्यंतरानंतरची गोष्ट

"पूर्वी ढेकूण होते, कबूल. पण पाय तरी पसरता यायचे," जावई बायकोच्या कानाशी पुटपुटला. "आता जिकडेतिकडे सोनेरी मुलामा, आणि आमचे गुडघे नाकाशी."

"तुमचे गुडघे वाढलेत. थेटर तेवढंच आहे," ती म्हणाली आणि तिने हळूच पलीकडे बघितलं. पलीकडच्या खुर्चीत अप्पा, तिचे वडील, मान वर करून छत बघत बसले होते.

छत बघण्यासारखं झालं होतं खरं. कित्येक वर्षं या थेटराला कुलूप होतं. आत कबुतरं आणि बाहेर पोस्टरांचे पापुद्रे. मग कुणाला तरी सुबुद्धी सुचली. छतावरची गळून पडलेली फुलं पुन्हा घडवली, झुंबर उतरवून धुतलं, मखमली पडदा नवा शिवला. आता इथे सुट्टीच्या दिवशी जुने पिक्चर लागत आणि एरवी गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होत. आजही पिक्चरआधी एक बाई रंगमंचावर पियानो वाजवत होती, आणि लोक तिच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते.

अप्पांचं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता. खिशात तिकिटाचा अर्धा तुकडा होता. तिकिटं खरं तर जावयाने मोबाईलवर काढली होती, पण जुन्या दिवसांची आठवण म्हणून दारात गुलाबी कागदी तिकीट देत होते, आणि फाडून अर्धं परत करत होते. जावयाने आपलं कुठेतरी कोंबलं. अप्पांनी मात्र खिशात ठेवून वर तळहात ठेवला होता.

त्याला कारण होतं. थेटराच्या मागच्या गल्लीत अप्पांची लॉन्ड्री होती. अजूनही आहे, आता लेक आणि जावई चालवतात. तेव्हा अप्पा आणि आई दोघंच राबायचे. दोघांनाही पिक्चरचं वेड, आणि दुकान घटकाभरही वाऱ्यावर सोडायचं नाही हा हट्टही दोघांचाच. मग त्यांनी आपल्यापुरती तोड काढली. तिकीट एकच. मध्यंतरापर्यंत अप्पा बघणार. घंटा झाली की त्यांनी जिन्याच्या वरच्या दारात येऊन उभं राहायचं. आई ओले हात पुसत धापा टाकत जिना चढायची. तिकिटाचा तुकडा ह्या हातातून त्या हातात जायचा, अप्पा इस्त्रीवर हजर आणि आई अंधारात. दारवानाचे शर्ट अप्पांकडेच यायचे, त्यामुळे त्याला हे सगळं दिसत असूनही कधी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लॉजच्या धुवायला आलेल्या चादरी घडी करायला काढत. चादर हे एकट्याचं काम नव्हे. दोन टोकं याच्या हातात, दोन तिच्या. झटकायची, ताणायची, चालत एकमेकांपाशी यायचं, कोपरे जुळवायचे, पुन्हा मागे जायचं. या ये-जा करण्यात अप्पा पहिला भाग सांगत, मग आई दुसरा. लेक मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसून ऐकत असे. लहानपणी तिने जेवढे पिक्चर पाहिले ते सगळे चादरींवर पाहिले.

"अगं, पुढे काय झालं?" अप्पा टोक धरून ताटकळत.

"आधी कोपरा जुळवा नीट," आई म्हणायची. "माणूस जगला की मेला ते कोपरा जुळल्यावर."

आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. पण 'आई गेली' हे वाक्य घरात कुणी उच्चारत नसे. लेक 'हॉस्पिटलच्या वेळी' म्हणायची. जावई 'ते झालं त्यानंतर' म्हणायचा, जणू घरात नळ फुटला होता. अप्पा काहीच म्हणत नसत. चादरीची दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधून ते एकटेच घडी घालत. एकदा लेकीने सोडवून हातात घेतली, तर म्हणाले, "तुझा हात उंच आहे. चादर तिरकी होते." टीव्हीवर पिक्चर लागला की अर्ध्यात उठून जात. आणि सांगणं तर बंदच. पिक्चरचंच नव्हे, कशाचंच. 'बरं', 'असू दे', 'ठेव तिथे' एवढ्या शिदोरीवर त्यांचा दिवस निघत असे.

लेकीला दुसरं काही नको होतं. अप्पांनी एकदा, एकदाच, चादर झटकता झटकता एखादी गोष्ट सांगावी. म्हणून तिने आजचा पिक्चर हेरून ठेवला होता. नावाड्याचा. अप्पांचा सगळ्यांत लाडका. नावाडी पुरात अडकलेल्यांना आणायला जातो आणि बायको काठावर कंदील घेऊन बसते, इथे मध्यंतर. पुढचं अप्पांनी आईकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतलेलं. नावाडी परत येतो, दाढी वाढलेली, अंगावर मांस नाही, आणि बायको त्याला पहिलं काय म्हणते तर, "चिखलाचे पाय बाहेर धुवा, आत्ताच पुसून घेतलंय." हे म्हणताना आई चादर अशी झटकायची की अप्पांच्या तोंडावर वारा यायचा.

तिकिटं काढून झाल्यावर लेकीला एक जुनी गोष्ट आठवली होती. शाळेत तिच्या एका मैत्रिणीने तो पिक्चर अख्खा पाहिला होता. नावाडी परत येत नाही, असं ती म्हणाली होती. लेकीने तिची वेणी ओढली होती आणि घरी त्यातलं अक्षर काढलं नव्हतं. आता अप्पांनी तो शेवट पडद्यावर पाहिला म्हणजे? पण अप्पा किती तरी दिवसांनी आपणहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. त्यांना 'राहू द्या' कुठल्या तोंडाने म्हणणार?

दिवे मंदावले. पियानोवाल्या बाईने वाकून नमस्कार केला, मखमली पडदा सरकला, नावाडी आला. अप्पा पुढे झुकून बघत राहिले. एकदा तर स्वतःशी हसलेही, आणि लेकीने अंधारात नवऱ्याचा हात दाबला. पूर आला. नाव गेली. बायको कंदील घेऊन बसली.

घंटा झाली आणि दिवे लागले, तर शेजारची खुर्ची रिकामी.

"बाथरूमला गेले असतील," जावई म्हणाला.

ती उठली. ते कुठे असणार हे तिला ठाऊक होतं.

जिन्याच्या वरच्या दारात अप्पा उभे होते. हात पुढे, बोटांत गुलाबी तुकडा. खाली जिन्यावर नवा लाल गालिचा, चकचकीत पितळी कठडा, आणि वर चढून येणारी अनोळखी माणसं, कॉफीचे कप सांभाळत. अप्पा प्रत्येकाच्या खांद्यापलीकडे बघत होते.

"अप्पा, चहा घेऊ या?"

"थांब जरा. येईल इतक्यात," ते म्हणाले. मग आपलेच शब्द ऐकल्यासारखे चपापले. पण हात मागे घेतला नाही.

जावई मक्याच्या लाह्यांचा मोठा पुडा घेऊन मागे येऊन थांबला होता. त्याने सासऱ्यांचा हात बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही पुटपुटला नाही. दुसरी घंटा झाली.

"आजोबा, सुरू होतंय," दारावरची गणवेशातली मुलगी म्हणाली. "कुणी यायचंय का?"

लेकीने हात पुढे केला. "द्या, अप्पा. मी बघते उरलेला. तुम्ही बाहेर बसा. उद्या चादरी काढू तेव्हा सांगेन सगळं."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. "तू काय सांगशील? पडद्यावर असेल ते सांगशील."

"मग आणखी काय सांगायचं असतं?"

"तुझी आई कुठे सांगायची पडद्यावरचं? नावाडी बुडतो, बाई. दारवानाने मला तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि तुम्ही तिला बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? इतक्या लांबून चालत आणायची बिचाऱ्याला." त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "एक नावाडीच का? तो शिपाई, ती तापाने फणफणलेली पोर, तो म्हातारा मास्तर. सगळ्यांना तिने घरी आणून पोचवलं. एकालासुद्धा मरू दिलं नाही."

आत दिवे मंदावले. अप्पांनी तुकडा परत खिशात ठेवला, वर तळहात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने लेकीचं मनगट धरून दाराकडे वळले.

"चल. काय होतं ते बघू या," ते म्हणाले. मग उंबऱ्यावर थबकले, आणि अगदी साध्या आवाजात, जावयालाही ऐकू जाईल असं, बोलले.

"तुझी आई गेली गं."